रॉकेटच्या वाटेखाली राहताना : आत जायचं, बाहेर पडायचं की लांब राहायचं?

नकाशावर श्रीहरिकोटा शोधा. चेन्नईच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, आंध्र प्रदेशच्या दक्षिण टोकाशी, इस्रोचं प्रक्षेपण केंद्र असलेलं हे लांबट बेट दिसेल. पश्चिमेला पुलिकतचं खारं सरोवर, पूर्वेला थेट बंगालचा उपसागर. पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग फुकट मिळतो, हे कारण शाळेत सांगतात. पण तितकंच मोठं दुसरं कारण हे, की पूर्वेला शेकडो किलोमीटर माणूस राहत नाही. रॉकेटचे रिकामे टप्पे समुद्रात पडतात, आणि काही बिघडलं तर अख्खं रॉकेटही समुद्रातच पडावं अशी सोय आहे.

वाट मात्र पूर्ण मोकळी नाही. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांसाठी रॉकेटला दक्षिणेकडे जावं लागतं, आणि सरळ दक्षिणेला श्रीलंका आहे. म्हणून पीएसएलव्ही हे इस्रोचं रॉकेट आधी आग्नेयेकडे निघतं आणि श्रीलंकेला बाजूला ठेवून मग दक्षिणेकडे वळतं. या वळणात इंधन जातं, म्हणजे तेवढं वजन उपग्रहाच्या वाट्यातून कमी होतं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं, एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटला नाही. तमिळनाडूत तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिनमला नवं प्रक्षेपण केंद्र होतंय, त्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. तिथून दक्षिणेला श्रीलंका आड येत नाही, हेच ती जागा निवडण्याचं कारण. आता त्या किनाऱ्यावरचे मच्छीमारही रॉकेटच्या वाटेखाली येणार.

'आत्ता बंद पडलं तर कुठे पडेल?'

रॉकेट उडताना सुरक्षा अधिकाऱ्याच्या पडद्यावर रॉकेटपेक्षा जास्त महत्त्वाचा असतो एक ठिपका. या क्षणी इंजिन बंद पडलं तर रॉकेट जमिनीवर किंवा समुद्रात नेमकं कुठे आदळेल, ते हा ठिपका दाखवतो. गोफण फिरवताना दगड ज्या क्षणी सुटेल त्यावर तो कुणाच्या शेतात पडणार ते ठरतं. तसंच हे, फक्त इथे दर क्षणाला हिशेब नव्याने होतो.

सुरुवातीची काही सेकंदं हा ठिपका प्रक्षेपण तळाच्या आसपासच रेंगाळतो. मग किनारा सोडून समुद्रात सरकतो आणि वेग वाढेल तसा धावू लागतो. शेवटच्या टप्प्यात तो काही सेकंदांत शेकडो किलोमीटर कापतो, आणि उपग्रहाला कक्षेचा वेग मिळाला की नकाशावरून नाहीसाच होतो, कारण आता ते यान लगेच पडणारच नसतं. किनाऱ्यावरच्या माणसासाठी धोक्याचा काळ म्हणूनच पहिल्या दोनेक मिनिटांचा. त्यानंतर जे पडायचं ते फार लांब पडतं. तोवर रॉकेटमध्ये इंधनही सगळ्यात जास्त असतं, हे वेगळं सांगायला नको.

ठिपक्याने कुठवर जायचं, याच्या सीमा आधीच आखलेल्या असतात. त्या ओलांडण्याची लक्षणं दिसली की अधिकारी रॉकेट नष्ट करण्याची आज्ञा देतो. 'नष्ट' शब्दामुळे गैरसमज होतो. हेतू धमाका उडवण्याचा नसून पुढे ढकलणारा जोर संपवण्याचा असतो. द्रवइंधनाचं इंजिन बंद करता येतं. घनइंधन एकदा पेटलं की विझत नाही. म्हणून बूस्टरच्या (सुरुवातीला जोर देणाऱ्या जोडरॉकेटच्या) नळकांड्यावर उभी लावलेली स्फोटकाची पट्टी ते नळकांडं लांबीच्या बाजूने चिरते, आतला दाब जातो आणि जोर संपतो. तुकडे मग ठिपका जिथे होता त्याच भागात पडतात.

२५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ या रॉकेटच्या बाबतीत हेच घडलं. उड्डाणानंतर ४७ सेकंदांनी काही कनेक्टर (तारांचे जोड) अवेळी सुटले, खालच्या बूस्टरना वळण्याच्या आज्ञा पोचेनाशा झाल्या, रॉकेट तिरकं होऊन वाऱ्याच्या दाबाने मोडायला लागलं, आणि ६४ व्या सेकंदाला जमिनीवरून नष्ट करण्याची आज्ञा गेली. तुकडे बंगालच्या उपसागरात पडले. टीव्हीवर ते दृश्य भयंकर दिसलं. मोहीम फसली होती. पण किनाऱ्यावरच्या लोकांना वाचवण्याची यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली.

ती चालली नाही तर काय होतं, याचं उदाहरण चीनमधल्या शीचांगचं. फेब्रुवारी १९९६ मध्ये लाँग मार्च-३बी रॉकेट सुटताच कलंडलं आणि सुमारे २२ सेकंदांनी जवळच्या डोंगरउतारावर आदळलं. अधिकृत आकडा ६ मृत आणि ५७ जखमींचा. शीचांग समुद्रापासून दूर आहे. चहूकडे माणसांची वस्ती. श्रीहरिकोट्याचं बेट का निवडलं, ते इथे कळतं.

किती धोका चालवून घ्यायचा, यालाही आकडा असतो. अमेरिकेच्या नियमात एका उड्डाणामुळे सगळ्या लोकांत मिळून जीवितहानी किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून जास्त नसावी, आणि कुणा एका माणसाच्या वाट्याला ती दहा लाखांत एकाहून जास्त येऊ नये, अशी मर्यादा आहे. हे गणित एका गृहीतावर उभं असतं : रिकामी करायला सांगितलेली जागा खरोखर रिकामी आहे. एक बोट आत राहिली की गणित बदलतं आणि काउंटडाउन थांबू शकतं.

समुद्रावर : घड्याळ आणि अंशांचा घोळ

उड्डाणाच्या काही दिवस आधी दोन प्रकारच्या सूचना निघतात. विमानांसाठी नोटॅम आणि जहाजांसाठी सागरी इशारा. आपल्या भागासाठी सागरी इशारे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयामार्फत निघतात (समुद्रापासून इतक्या लांब, हो). त्यात दोन-तीन क्षेत्रं दिलेली असतात. पहिलं तळाभोवतीचं, पीएसएलव्हीसाठी १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. बाकीची लांब समुद्रातली. सुटलेले टप्पे जिथे पडणार त्या जागांची.

या सूचना वाचताना होणाऱ्या चुका अगदी ठरलेल्या आहेत.

पहिली चूक वेळेची. इशाऱ्यातली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या घड्याळात नाही. त्यात साडेपाच तास मिळवायचे. '०४३० ते ०८३०' वाचून पहाटे जाळी टाकून साडेआठला निर्धास्त झालेला तांडेल प्रत्यक्षात सकाळी १० ते दुपारी २ या धोक्याच्या वेळेत मधोमध उभा असतो. रात्रीच्या उड्डाणात तारीखही बदलते : १२ तारखेचे यूटीसी २०३० म्हणजे आपल्याकडे १३ तारखेचे पहाटेचे २.

दुसरी चूक जास्त फसवी. जागा अंश आणि मिनिटांत दिलेली असते, आणि जीपीएस मात्र दशांश अंशांवर लावलेला असतो. श्रीहरिकोट्याचा तळ साधारण १३ अंश ४३ मिनिटं उत्तरेला आहे. अंशाची मिनिटं साठ, शंभर नाहीत. म्हणून दशांशात हे १३.७२ होतं. कुणी सरळ १३.४३ भरलं तर वर्तुळाचा मध्य सतरा सागरी मैल, म्हणजे तीसहून जास्त किलोमीटर दक्षिणेला सरकतो. पडद्यावर बोट वर्तुळाच्या बाहेर, प्रत्यक्षात तळासमोर. उपाय सोपा : जीपीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन अंश-मिनिटांची पद्धत निवडायची आणि इशारा जसाच्या तसा भरायचा. भरल्यावर ओळखीच्या एखाद्या खुणेचं, दीपगृहाचं किंवा बंदराच्या तोंडाचं, अंतर ताडून पाहायचं.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, त्रास आहे. उड्डाण पुढे ढकललं गेलं तर इशाऱ्यात दिलेल्या राखीव दिवसांपैकी एखादा लागू होतो. 'काल झालं नाही, म्हणजे संपलं' असं समजून निघणं धोक्याचं. इशारा रद्द झाल्याची सूचना येईपर्यंत तो चालूच धरायचा. मच्छीमाराच्या दृष्टीने याचा अर्थ आणखी एक दिवस बुडाला. ही तक्रार रास्त आहे. समुद्र मोकळा ठेवण्याची किंमत जो मोजतो त्याला टीव्हीवर टाळ्या मिळत नाहीत. ओडिशात चांदीपूरच्या क्षेपणास्त्र केंद्राजवळच्या गावांना चाचणीच्या दिवशी घरं सोडावी लागतात, तेव्हा प्रशासन त्यांना दिवसाची भरपाई देतं. जुलै २०२४ मधल्या चाचणीला साडेतीन किलोमीटरच्या आतल्या दहा गावांतले सुमारे दहा हजार लोक तात्पुरते हलवले होते. बुडालेल्या समुद्राच्या दिवसालाही असाच हिशेब लावायला हवा, असं आमचं मत.

बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६ उघडा ठेवायचा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, किनारा सुरक्षेसाठी १०९३.

जमिनीवर : तीन धोके, तीन उलटे उपाय

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच 'घाबरू नका, काळजी घ्या' छापाच्या सूचना कुचकामी ठरतात.

१७ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकेत केप कॅनव्हरलला डेल्टा-२ रॉकेट उड्डाणानंतर १३ सेकंदांनी फुटलं. जळते तुकडे तळाभोवती पडले, गाड्या जळाल्या, आणि धुराचा ढग उठला. लोकांना सांगितलं गेलं : घरात थांबा, खिडक्या लावा. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासच्या बोका चिका गावात चाचणीआधी घरोघरी नोटीस वाटली, तिच्यात नेमकं उलट होतं : पोलिसांचा भोंगा वाजला की घराबाहेर या.

दोन्ही सूचना बरोबर होत्या. केपला धोका हवेतल्या विषाचा होता, बोका चिकाला काचांचा. मोठा स्फोट झाला की दाबाची लाट लांबवर जाते आणि खिडक्यांच्या काचा सुऱ्यांसारख्या आत उडतात. माणूस लाटेने क्वचित मरतो. काचांनी जखमी होणं फार सोपं. रशियात चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्का फुटली तेव्हा साधारण दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बरेच काचांमुळे. आधी लख्ख उजेड पडला, तो काय म्हणून बघायला लोक खिडकीशी आले, आणि दोनेक मिनिटांनी लाट पोचली.

म्हणून पहिला नियम : तळाच्या दिशेने अचानक उजेडाचा मोठा झोत दिसला, की खिडकीकडे नाही, खिडकीपासून लांब. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, वीज चमकल्यावर गडगडाट मोजतो तसंच. तळ १० किलोमीटरवर असेल तर हाताशी तीसेक सेकंद असतात. तेवढ्यात भिंतीआड किंवा बिनखिडकीच्या खोलीत जाता येतं. उड्डाणाच्या वेळी काचा किंचित उघड्या ठेवून पडदे ओढून घेतले तर काच फुटण्याची शक्यता आणि फुटलीच तर उडण्याचं अंतर, दोन्ही कमी होतं. एरवी शांत वाटणारी हवाही इथे दगा देते. जमिनीजवळ गार आणि वर उबदार थर असेल तर लाट वर निघून न जाता वाकून खाली येते, आणि जवळच्या गावाला सोडून लांबच्या गावातल्या काचा फुटतात. उड्डाणाच्या दिवशी हवामानाचे फुगे सोडण्यामागचं हेही एक कारण.

दुसरा धोका हवेतला, आणि तो रॉकेटच्या पोटात काय आहे त्यावर अवलंबून. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घनइंधन असतं : रबरासारख्या पदार्थात घोटलेलं अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो. दमट हवेत त्याचं आम्ल होतं. डोळे झोंबतात, घसा खवखवतो, पानांवर डाग पडतात. नेहमीच्या उड्डाणात हा ढग समुद्रावर पांगतो. वारा गावाकडे असेल तर विहिरी आणि पाण्याच्या टाक्या झाकून ठेवाव्यात आणि पालेभाजी नीट धुवून घ्यावी, बस.

दुसऱ्या टप्प्यातलं रसायन मात्र वेगळ्या, विषारी जातीचं आहे. सुमारे ४१ टन यूएच-२५ आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड. पहिलं हायड्राझीनच्या कुळातलं, अमोनियासारखा किंवा सडक्या माशांसारखा वास येणारं. (मासळीच्या गावात या वासावर विसंबू नये, हे ओघाने आलं.) दुसऱ्याची वाफ (नायट्रोजन डायऑक्साइड) तांबूस-तपकिरी, हवेपेक्षा जड. तपकिरी ढग दिसला की खोलगट जागा, ओढा, विहिरीचा काठ सोडायचा आणि वाऱ्याला आडवं चालायचं. ढगाच्या पुढे धावण्यात अर्थ नाही, वारा तुमच्यापेक्षा वेगवान असतो. बाजूला सरकलं तर काही शे मीटरमध्ये सुटका होते.

पक्कं घर जवळ असेल तर आत. दारं-खिडक्या बंद, फटींना ओली चादर, एक्झॉस्ट फॅन बंद. आणि कूलर बंद. कूलर बाहेरची हवा ओढून घरात भरतो, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, पण घाईत हेच विसरतं. वरचा मजला असेल तर तिथे थांबावं. कौलारू किंवा झावळ्यांच्या घरात मात्र हवा अडत नाही. तिथे दार लावून बसण्यापेक्षा वाऱ्याला आडवं निघून जाणं बरं.

डोळ्यांत किंवा अंगावर काही गेलं तर कपडे उतरवून भरपूर साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायचं. एक गोष्ट डॉक्टरांनाही आठवण करून द्यावी लागते : तपकिरी वाफ श्वासात गेलेला माणूस सुरुवातीला ठणठणीत वाटू शकतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी जाऊ देऊ नये. किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवावं, आणि कागदावर 'नायट्रोजन डायऑक्साइड' असं स्पष्ट लिहून द्यावं.

जळता तुकडा शेतात पडला तर पाणी मारायला धावू नये. घनइंधन आपला प्राणवायू स्वतःबरोबर बाळगतं. पाण्याने आणि वाळूने ते विझत नाही. आजूबाजूचं वाळकं गवत भिजवायचं आणि तुकडा जळून संपू द्यायचा.

पडलेला तुकडा कुणाचा?

तिसरा धोका उड्डाणानंतरचा. २०१९ च्या डिसेंबरात पुद्दुचेरीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात पीएसएलव्हीचा रिकामा बूस्टर अडकला. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर घुमटासारखी मोठी वस्तू वाहून आली. ती पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असण्याचीच शक्यता जास्त, असं तिथल्या अंतराळ संस्थेने जाहीर केलं.

आणि २ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ महाराष्ट्रात अनेकांना आठवत असेल. आठाच्या सुमारास आकाशात जळते पट्टे सरकताना दिसले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत गोळेही सापडले. अभ्यासकांच्या हिशेबाने तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा टप्पा होता. सिंदेवाही कुठल्याच प्रक्षेपण केंद्राजवळ नाही. ठरवून समुद्रात पाडलेल्या टप्प्यासाठी इशारा निघतो. कक्षेत सोडून दिलेला टप्पा महिन्यांनी आपोआप खाली येतो, तेव्हा तो नेमका कुठे पडेल हे शेवटच्या तासांतही सांगता येत नाही. त्याच्या वाटेखाली आपण सगळेच राहतो.

हे गोळे म्हणजे बहुधा उच्च दाबाच्या वायूच्या टाक्या. वरून धाग्यांचं वेष्टन, आत धातू. रिकामी वाटणारी टाकी दाबाखाली असू शकते; हातोडा मारला किंवा गॅसकटर लावला की फुटते. कार्बनच्या तंतूंची टोकं त्वचेत घुसतात, श्वासात जातात. इंधनाची टाकी असेल तर तळाशी हायड्राझीन उरलेलं असू शकतं. तिचे वास, ओघळ, पिवळट-तपकिरी डाग दिसले की शंभर मीटर मागे, तेही वारा आपल्या पाठीवरून तुकड्याकडे जाईल अशा बाजूला. कझाकस्तान आणि अल्ताय भागात पडलेल्या टप्प्यांचा पत्रा लोक वर्षानुवर्षं भंगारात विकत आले. आपल्याकडेही भंगारवाला पोलिसांच्या आधी पोचू शकतो, हे धरून चालावं.

समुद्रात जाळ्यात अडकलं तर बोटीवर ओढू नका. तरंगत्या खुणेला बांधा, जागा टिपा, १५५४ ला कळवा. वजनाने बोट उलटेल अशी वेळ आली तर जाळं कापा. जमिनीवर ११२. झूम करून लांबूनच फोटो, शेजारी ओळखीची एखादी वस्तू दिसेल असा, म्हणजे आकार कळतो. वस्तूवर अक्षरं किंवा क्रमांक असतील तर तो फोटो सगळ्यात मोलाचा, कारण मालक त्यावरूनच ठरतो.

मालकाला महत्त्व आहे. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सापडलेली वस्तू, मागितली तर, ज्या देशाने सोडली त्याला परत द्यायची असते. आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच देशाची, चूक कुणाची हे सिद्ध न करताही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. मात्र हा दावा शेतकरी थेट करू शकत नाही, केंद्र सरकार दुसऱ्या सरकारकडे करतं, आणि साधारण एका वर्षाच्या आत. भारताचंच रॉकेट भारतीयाच्या शेतात पडलं तर हा करार लागूच होत नाही. तिथे देशातला कायदा.

दोन्ही बाबतींत आधार एकच : तलाठ्याने त्याच दिवशी केलेला पंचनामा. त्यात पडल्याची वेळ, सर्व्हे नंबर, खड्ड्याची लांबी-रुंदी, दगावलेल्या जनावराचं वय आणि पशुवैद्यकाचा दाखला, उभ्या पिकाचं क्षेत्र, आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतल्याची नोंद हवी. नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, वर तारीख-वेळ. ट्रॅक्टरने खड्डा बुजवायचा तो त्यानंतर.